सिस्टरचं काम नक्की कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं?

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३:१०)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात मी चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे. आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग नोकरी करत पोस्ट बेसिक (त्यावरची पदवी). इथं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. गेले दहा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

सर्जिकल वॉर्ड, नाइट. बारा पेशंट, मी आणि एक नवीन मुलगी. बेड सातवर कागलकडचे एक काका, आतड्याच्या ऑपरेशनचा चौथा दिवस. रात्री दहाच्या राऊंडला बीपी ९६/६०. चार्टवर त्यांची रोजची बीपीची गोळी होती. मी दिली नाही. चार्टवर त्या डोसभोवती गोल केला (म्हणजे डोस दिला नाही), सही केली आणि आरएमओ सरांना, म्हणजे दवाखान्यातल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना, फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

दोनच्या सुमाराला काका म्हणाले, "सिस्टर, जीव कसनुसा व्हायलाय." ताप नाही, पोट दुखतंय असंही नाही. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. तीस. नाडी ११८. हात गार. आरएमओंना पुन्हा फोन केला. "ऑपरेशनचं दुखत असेल, पॅरासिटामॉल लावा, सकाळी बघू." मी ऑक्सिजन लावला, पाय उचलून ठेवले, युरिन बॅग पाहिली. चार तासांत जेमतेम पन्नास मिली. मग न राहवून ज्यांचा पेशंट त्या सर्जननाच थेट फोन लावला. ते साडेतीनला आले. आतली शिवण सुटली होती. सहाला काकांना परत थिएटरमध्ये घेतलं. आता ते घरी आहेत.

तीन दिवसांनी मला लेखी विचारणा आली. मुद्दे दोन. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी थांबवायचा अधिकार सिस्टरला कुणी दिला, आणि आरएमओंना डावलून कन्सल्टंटला, म्हणजे सर्जनना, फोन का केला. मीटिंगमध्ये एक वाक्य ऐकवलं गेलं, "आपल्या स्कोपमध्ये राहून काम करा."

आता मी तुम्हाला विचारते, आपला स्कोप, आपल्या कामाची आणि अधिकाराची हद्द, म्हणजे काय? तुमच्या वॉर्डात तुम्ही तो कसा समजता? मला भांडायचं नाही, खरंच समजून घ्यायचंय.

आयसीयू_ताई (दुपारी ३:४२)

आधी तुला मनापासून सलाम. मिनिटभर श्वास मोजलेस, सगळं तिथंच आहे. खूप वॉर्डांत चार्ट बघा, बेड एकपासून बारापर्यंत श्वास वीस, वीस, वीस. कुणी मोजतच नाही. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा पहिल्यांदा बदलतो तो श्वासच, बीपी नंतर पडतं.

तुझ्या प्रश्नाबद्दल. मी नऊ वर्षं आयसीयूत आहे. आमच्याकडं स्कोप घड्याळावर चालतो. सकाळी दहाला राऊंड सुरू असताना मी इन्फ्युजन पंपाचा (शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्राचा) दर विचारल्याशिवाय अर्ध्या मिलीनंही हलवायचा नाही. रात्री तीनला तोच दर मी बीपी बघून वरखाली करायचा, आणि केला नाही तर "एवढं कळत नाही का" हे ऐकायचं. बाई तीच, शिक्षण तेच, औषध तेच. बदललं काय, तर वेळ.

रंकाळ्याचा_वारा (दुपारी ४:०५)

मी दवाखान्यातला न्हाई, पण पेशंटचा नातेवाईक म्हणून सांगतो. वडील अकरा दिवस ॲडमिट हुते. डॉक्टर दिवसातनं दोन वेळा, मिळून सात-आठ मिनटं दिसायचे. बाकीचा सगळा दिवस सिस्टरच. तरी आमी घरात काय म्हणायचो? "सिस्टरला सांग, सलाईन संपलंय." म्हंजे सिस्टर म्हंजे सलाईन बदलणारी, यवढंच आमच्या डोक्यात. ह्यो धागा वाचून आज पयल्यांदा कळलं, त्या आमच्या बाबांचे श्वास मोजत हुत्या. मला वाटायचं नुसत्याच हुभ्या हायत.

स्टेथो (दुपारी ४:३०)

मी सर्जन आहे, शाहूपुरीत प्रॅक्टिस. बाई, तुम्ही त्या काकांचा जीव वाचवलात, यात शंका नाही. माझा पेशंट असता तर मी आधी तुमचे आभार मानले असते.

तरी एक बाजू मांडतो, राग मानू नका. औषध लिहिणं आणि बंद करणं ही डॉक्टरची जबाबदारी, कारण उद्या काही झालं तर जाब त्याला द्यावा लागतो. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका लहान मुलाच्या प्रकरणात निकाल दिला. सिस्टरनं चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं, मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. कोर्टानं दवाखान्यालाही जबाबदार धरलं. हे डोक्यात असलं की आम्ही कडक होतो. तुम्ही बरोबर होतात, पण उद्या दुसरी कुणी स्वतःच्या मनानं इन्सुलिन थांबवेल, आणि पेशंट टाइप वन डायबेटिसचा, इन्सुलिनवाचून न चालणारा असेल. मग?

कळंबा_ट्यूटर (संध्याकाळी ५:१५)

डॉक्टर, तुमची काळजी रास्त आहे. म्हणूनच एक फरक इथं स्पष्ट करायला हवा. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलींना यावर दोन तास देते.

औषध बंद करणं वेगळं आणि एक डोस रोखून धरून कळवणं वेगळं. बंद करणं हा उपचाराचा निर्णय, तो डॉक्टरचा. पण समोरच्या पेशंटला आत्ता हा डोस देणं सुरक्षित आहे का, हे देण्याआधी तपासणं हा औषध देण्याच्या कामाचाच भाग आहे. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या आधी आपण नाडी मोजतो, साठच्या खाली असली तर डोस रोखून डॉक्टरांना कळवतो. हे आपण मुलींना पाठ करून घेतो ना? मग ९६ बीपीला बीपीची गोळी रोखणं स्कोपच्या बाहेर कसं गेलं? ती गोळी दिली असती आणि बीपी सत्तरवर आलं असतं, तर "सिस्टर, बीपी बघितलं नाही का" हा प्रश्न कुणाला आला असता?

इन्सुलिनचंही तेच. रोखायचं ते डोळे मिटून नाही, शुगर बघून आणि लगेच फोन करून.

शिकवताना आम्ही नर्सच्या कामाचे तीन भाग सांगतो. एक, स्वतंत्र काम: पेशंटचं निरीक्षण, कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, बेडसोर होऊ न देणं, समजावणं, धीर देणं. यासाठी कुणाची ऑर्डर लागत नाही. दोन, डॉक्टरच्या ऑर्डरवर चालणारं काम. तीन, मिळून करायचं काम. अडचण अशी की मुली कॉलेजातून बाहेर पडल्या की वर्षभरात पहिला भाग विसरतात. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, आम्ही ऑर्डर फॉलो करतो." स्वतःच्या कामाला त्या काम म्हणतच नाहीत.

रात्रपाळी, एक विचारते. गोल केलास, फोन केलास. फोनची वेळ लिहिली होतीस?

रात्रपाळी (संध्याकाळी ५:५०)

नाही मॅडम. फक्त गोल आणि सही. फोन केल्याचं नोट्समध्ये "आरएमओ इन्फॉर्म्ड" एवढंच लिहिलं, वेळ नाही, ते काय म्हणाले तेही नाही. तिथंच अडकले. आरएमओ म्हणाले त्यांना दहाला फोन आलाच नाही.

कळंबा_ट्यूटर (संध्याकाळी ५:५८)

हेच वाटलं होतं. तुझा निर्णय बरोबर होता, नोंद अपुरी होती. या दोन गोष्टी मीटिंगमध्ये कुणी एकत्र करू देऊ नकोस.

अक्का_गडहिंग्लज (संध्याकाळी ६:२०)

मी सरकारी नोकरीतनं परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) म्हणून रिटायर झालो. माझी सुरुवात काचेच्या सिरिंजा उकळायच्या काळातली. सुया दगडावर घासून धार लावायचो. तवा शिरेतलं इंजेक्शन सिस्टरनं द्यायचं न्हाई, ते हाऊसमनचं, म्हंजे शिकाऊ डॉक्टरचं काम. आमी ट्रे लावून, हात बांधून हुभं राहायचं. हाऊसमन नवखा पोरगा, चारदा टोचायचा, पेशंट वरडायचा, आणि मी मनात म्हणायचो, बाबा, जरा बाजूला हो.

मग एक साल आलं, हाऊसमन संपावर गेले. रातोरात सगळ्या शिरा आमच्याच झाल्या. संप मिटला, पण ते काम काय परत गेलं न्हाई. कुठला कागद निघाला न्हाई, कुणी ट्रेनिंग दिलं न्हाई. गरज पडली तवा दिलं आणि सवय झाली म्हणून ऱ्हायलं. स्कोप असाच वाढत आलाय पोरींनो. कागद मागनं येतो, आला तर.

पुणेरी_पाहुणा (संध्याकाळी ६:४१)

अक्का, फार मोलाचा अनुभव. पण जरा गोंधळलो. आपण पुरुष परिचारक होता का? "रिटायर झालो", "म्हणायचो" असं लिहिलंय म्हणून विचारलं.

तांबडा_पांढरा (संध्याकाळी ६:४४)

पाहुणं, कोल्हापुरात आलाय न्हवं? हितल्या बायका "मी येतो, मी जातो"च म्हणत्यात. आमची आजी पण "मी जेवलो" म्हणायची. बसा, चहा घ्या.

अक्का_गडहिंग्लज (संध्याकाळी ७:०२)

बाईच हाय ओ मी. तीन नातवंडं हायत.

ब्रदर_कागल (रात्री ८:१०)

स्कोपमध्ये अजून एक भिंत असते, बाई आणि पुरुषाची. मी बीएस्सी नर्सिंग केलंय, कार्डियाक आयसीयूचा अनुभव आहे. वॉर्डात मला हाक कशासाठी येते? पुरुष पेशंटला कॅथेटर घालायला, जड पेशंट उचलायला, आणि दारू पिऊन आलेल्या नातेवाइकांसमोर उभं राहायला. लेबर रूमच्या दारापर्यंत औषध नेऊन द्यायचं, आत पाऊल नाही. शिकताना प्रसूतीच्या केसेस मीही केल्यात, परीक्षा मीही दिलीय. रजिस्ट्रेशनमध्ये मिडवाइफ माझ्याही नावापुढं आहे. बायकांना संकोच वाटतो हे मला समजतं, त्यांचा मान राखायलाच हवा. पण मग "तुमचं शिक्षण सारखं, काम सारखं" असं म्हणू नये.

आयसीयू_ताई (रात्री ८:३५)

ब्रदर, आमच्याकडं उलटं. ब्रदरांना पेशंट "डॉक्टर" म्हणतात आणि वीस वर्षांच्या अनुभवी सिस्टरला "ओ मावशी" म्हणून हाक मारतात.

अवांतर: जे आपलं काम नाही, ते किती करतो याची यादी कुणी केलीय का? मी एकदा एका शिफ्टची केली. फार्मसीचा इंडेंट (औषधांची मागणी), परत करायच्या औषधांचा हिशेब, विमा कंपनीच्या शंकांना उत्तरं, चादरी-उशांचे अभ्रे मोजणं, लिफ्ट बंद म्हणून रिपोर्ट आणायला स्वतः लॅबमध्ये, डिस्चार्जच्या फाईलला पानं लावणं. आठ तासांतले जवळजवळ तीन तास. त्या तीन तासांत पेशंटचा श्वास कोण मोजणार? स्कोप "ओलांडला" तर नोटीस येते. स्कोपच्या कितीतरी खालचं काम रोज गळ्यात पडतं, त्याची नोटीस मात्र कुणालाच येत नाही.

रंकाळ्याचा_वारा (रात्री ८:५०)

ह्ये मातुर डोळ्यांनी बघितलंय. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर फाईल लावत बसलेल्या आणि शेजारच्या आजी पाण्यासाठी हाका मारत हुत्या.

उपकेंद्र_चंदगड (रात्री ९:२५)

तुमच्याकडं निदान फोन उचलायला आरएमओ आहेत. मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, चंदगड तालुक्यात उपकेंद्रावर. पावसाळ्यात इथला पाऊस कसा असतो हे आजरा-चंदगडवाल्यांनाच माहीत. माझा स्कोप अंतरावर ठरतो. गाडी वेळेत आली तर मी रेफर करणारी बाई. ओढ्याला पाणी आलं की मीच सगळं.

मागच्या पावसाळ्यात पहाटे एक बाई आली, पहिलटकरीण, आठवा महिना. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय म्हणाली. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन. बोलता बोलता झटका आला. कुशीवर घेतलं, दातांत जीभ जाणार नाही हे बघितलं आणि झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला, दोन्ही कुल्ल्यांत खोल, पाच-पाच ग्रॅम. १०८ ला फोन केला, तिला गडहिंग्लजला पाठवलं. दोघं जगले.

हे मला सरकारनंच शिकवलंय. कुशल प्रसूती सेवेच्या ट्रेनिंगमध्ये एएनएमला हा पहिला डोस द्यायची, बाळ झाल्यावर मिनिटाभरात रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचे दहा युनिट स्नायूत द्यायची परवानगी आहे. लिखित आहे, म्हणून माझा हात थरथरला नाही. तुम्ही शहरातल्या सिस्टर माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या. तुम्हाला एक गोळी रोखायची भीती वाटते, कारण तुमच्याकडं लिहिलेलं नाही. मला हा फरक फार जाणवला.

स्टेथो (रात्री ९:५०)

चंदगडच्या ताई, तुमच्या प्रतिसादानं मला माझाच मुद्दा पुन्हा तपासावा लागतोय. तुम्हाला झटक्यावर औषध देता आलं, कारण कुठल्या स्थितीत, किती, कसं, आणि पुढं काय, हे आधीच ठरलेलं होतं. मग आमच्या वॉर्डात ते आधी लिहून ठेवण्याची जबाबदारी कुणाची? आमची. मी माझ्या पेशंटच्या चार्टवर "बीपी शंभरच्या खाली असल्यास गोळी देऊ नये, कळवावे" असं किती वेळा लिहितो? खरं सांगतो, क्वचित. तेवढी एक ओळ मी न लिहिल्यामुळं एखाद्या सिस्टरला रात्री दहाला कात्रीत सापडावं लागतं.

रात्रपाळी (रात्री १०:१५)

सर, तुम्ही हे लिहिलंत. डोळ्यांत पाणी आलं.

डब्लिनकर (रात्री ११:४०)

मी मूळची इचलकरंजीची, आता सहा वर्षं डब्लिनमध्ये. इथं जेवणाची सुट्टी चालू आहे, तेवढ्यात लिहिते.

इथल्या नर्सिंग बोर्डानं स्कोपवर वेगळी मार्गदर्शिका काढलीय. २००० साली पहिली, २०१५ ला सुधारून. मला वाटलं होतं त्यात यादी असेल, हे करा, ते करू नका. यादी नाही. प्रश्न आहेत. हे काम पेशंटच्या भल्याचं आहे का? कायद्यात बसतं का? दवाखान्याचं लेखी धोरण आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मला स्वतःला ते नीट येतं का? येत नसेल तर "मला येत नाही" म्हणणं हाही स्कोपचाच भाग. पहिल्या महिन्यात माझ्या तोंडून हे वाक्य निघत नव्हतं. आपल्याकडं येत नाही म्हटलं की आळशी ठरतो.

मजा बघा. कोल्हापुरात मी दिवसाला पंधरा सलाईनच्या सुया लावायची. इथं आल्यावर सांगितलं, आधी कोर्स, मग देखरेखीखाली ठरावीक संख्या, मग सही, तोवर हात लावायचा नाही. मला अपमान वाटला. उलट बाजूनं, इथं पेशंटची आंघोळ, तोंड धुणं, खाऊ घालणं ही माझी कामं. आपल्याकडं ते मावशी किंवा सून करते. पहिल्यांदा एका आजोबांना स्पंज करताना त्यांच्या टाचेवर लाल डाग दिसला, बोटानं दाबला तरी पांढरा होईना. बेडसोरची सुरुवात. तेव्हा कळलं की स्पंज हे हलकं काम नाही, पेशंटचं सगळं अंग बघायला मिळणारी ती दिवसातली एकच वेळ असते. ते आपण कधीच सोडून दिलं आणि वर "आम्ही आता इंजेक्शनवाल्या" म्हणून मान उंच केली.

आणि हो, इथं २००७ पासून वेगळं शिक्षण घेतलेल्या नर्सना औषध लिहायचाही अधिकार आहे. इंग्लंडमध्येही तसं आहे.

अक्का_गडहिंग्लज (बुधवार, सकाळी ६:३०)

इचलकरंजीच्या बाई, टाचेचं जे लिवलंय ते सोन्यासारखं हाय. आमच्या मेट्रनबाई सकाळी राऊंडला आल्या की चार्ट न्हाई बघायच्या, चादर उचलून पेशंटची पाठ बघायच्या. बेडसोर दिसला की त्या वॉर्डाच्या सिस्टरचं काय खरं न्हवतं. त्यांना विचारलं असतं सिस्टरचा स्कोप काय, तर त्या म्हणाल्या असत्या, "चादरीखाली बघ."

ब्रदर_कागल (सकाळी ८:०५)

डब्लिनकर, तुमच्याकडं एका नर्सला किती पेशंट? कारण बारा पेशंटला स्पंज करायला माझ्याकडं वेळच नसतो.

डब्लिनकर (सकाळी ११:२०)

जनरल वॉर्डात दिवसा सहा-सात, मदतनीस वेगळे. तेही जास्त वाटतात म्हणून इथं ओरड असते.

कळंबा_ट्यूटर (दुपारी १२:४०)

ब्रदर, मुळावर घाव घातलात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलात तीन खाटांना एक नर्स, इतर दवाखान्यांत पाचला एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के जास्तीच्या. एका नर्सकडं बारा-पंधरा पेशंट आले की ती निरीक्षण सोडते, कारण ऑर्डर चुकली तर लगेच दिसतं, निरीक्षण राहिलं तर दिसत नाही. म्हणून कामाची कल्पनाच आकसते. "माझं काम काय" याचं उत्तर हळूहळू "वेळेत औषधं संपवणं" एवढंच उरतं. ती मुलगी वाईट नसते, थकलेली असते.

कायद्याबद्दल काहींनी व्यक्तिगत संदेशात विचारलं. कौन्सिल आली ती १९४७ च्या कायद्यानं. आता २०२३ चा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेनं केलाय, तो त्या जुन्या कायद्याची जागा घेणारा. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आपल्याकडं आहे. पण तो करून बाहेर पडलेल्या माझ्या ओळखीच्या एका मुलीला दवाखान्यानं परत साध्या स्टाफ नर्सच्याच ड्युटीवर लावलं. शिकवलं, आणि शिकलेलं वापरायची जागाच दिली नाही.

तांबडा_पांढरा (दुपारी १:१५)

धागा लई भारी चाललाय. माझी बायको पण सिस्टर हाय. नाइट करून आली की आधी मिसळ, मग झोप, ह्यो आमच्या घरचा नियम. काल तिला ह्यो धागा वाचून दावला. ती म्हणाली, "कोविडचं कुणीच लिवलं न्हाई?" तर तिच्या वतीनं लिवतो. २०२० ला ती पीपीई किटमधी सहा-सहा तास आत असायची. डॉक्टरांचा राऊंड कैक वेळा व्हिडिओ कॉलवर. पेशंटला पालथं झोपवायचं कवा, ऑक्सिजन किती वाढवायचा, घरच्यांला फोनवर काय सांगायचं, सगळं आतल्या सिस्टर बघायच्या. तवा कुणी स्कोप इचारला न्हाई. तिच्याबरच्या कंत्राटी पोरींना लाट संपल्यावर घरी पाठवलं. ती अजून त्यांच्यासाठी हळहळती.

आयसीयू_ताई (दुपारी १:५०)

वहिनींना माझा नमस्कार सांगा. पुरातही तेच. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे बंद, पुढची शिफ्ट येऊच शकली नाही. आम्ही चौघी सलग दोन रात्री आत होतो. तेव्हाही कुणी स्कोप विचारला नाही.

स्टेथो (दुपारी २:३०)

मूळ प्रश्नाकडं येतो. आरएमओंना डावलून फोन, हा दुसरा आरोप राहिला. माझं मत: ज्याला आधी कळवायचं त्याला कळवलं, उत्तर मिळालं, पेशंट तरी बिघडतोय, तर वरच्याला फोन करणं याला डावलणं म्हणत नाहीत. पण फोन करताना "सर, पेशंट बरा वाटत नाही" एवढंच सांगू नका. झोपेतून उठलेल्या माणसाला ते कळत नाही. "बेड सात, चौथा दिवस, श्वास तीस, नाडी ११८, चार तासांत युरिन पन्नास, हात गार, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं." एवढं ऐकलं की मी तरी झोपू शकणार नाही. शेवटचं वाक्य बहुतेक सिस्टर म्हणत नाहीत. म्हणत जा. आम्हाला राग आला तर येऊ दे.

रात्रपाळी (गुरुवार, संध्याकाळी ७:३०)

सगळ्यांचे आभार. काल लेखी उत्तर दिलं. गोळी बंद केली नाही, एक डोस रोखला, कारण बीपी ९६/६० होतं. फोनची वेळ लिहिली नाही ही माझी चूक, तीही मान्य केली. माझ्या फोनवरची कॉलची नोंद दाखवली, रात्री १०:१२. त्यावर आरएमओ सर काही बोलले नाहीत, पण बाहेर आल्यावर "सिस्टर, त्या दिवशी माझी सलग तिसरी ड्युटी होती" एवढं म्हणाले. मला त्यांचाही राग राहिला नाही.

आणि सर्जनसाहेबांनी मीटिंगमध्ये स्वतः सांगितलं की वॉर्डात लेखी सूचना लावू. बीपी शंभरच्या खाली, नाडी पन्नासच्या खाली किंवा ११० च्या वर, श्वास २४ च्या वर, काय रोखायचं, कुणाला किती मिनिटांत कळवायचं, आणि उत्तर नाही मिळालं तर पुढं कुणाला. मसुदा मी आणि इन्चार्ज सिस्टर करतोय. विचारणा मागं घेतल्याचं लेखी अजून मिळालेलं नाही.

ट्यूटर मॅडम, डोस रोखल्यावर नोंद कशी करायची याचा नमुना द्याल का? तोच छापून घेते.

कळंबा_ट्यूटर (संध्याकाळी ८:१०)

हा घे. सहा रकाने पुरे.

औषध आणि डोसची वेळ. रोखण्याचं कारण, आकड्यासकट. कुणाला कळवलं आणि किती वाजता. काय उत्तर आलं, त्यांच्याच शब्दांत, ऐकलेलं परत वाचून दाखवून. पुन्हा कधी तपासलं आणि काय आढळलं. सही आणि स्पष्ट नाव. फोनवरची ऑर्डर असेल तर डॉक्टरांची सही चोवीस तासांच्या आत घ्यायची, त्याला बाजूला जागा ठेव.

उपकेंद्र_चंदगड (रात्री ८:४५)

मॅडम, मीही हा नमुना वहीत आखून घेतला. एक अडचण आहे. आमच्याकडं पावसात रेंज जाते, दोन-दोन दिवस. "कुणाला कळवलं" या रकान्यात काय लिहू?

कळंबा_ट्यूटर (रात्री ८:५२)

प्रयत्न केलेली प्रत्येक वेळ लिही. १:१०, १:१४, १:२०, रेंज नाही. आणि माणूस पाठवला असशील तर त्याचं नाव आणि तो निघाल्याची वेळ.

उपकेंद्र_चंदगड (रात्री ८:५६)

आशाताईंचा मुलगा मोटारसायकलवरून जातो, टेकाडावर रेंज येते. त्याचंच नाव लिहीन.